चांगली गाठ
पिकल्या केळ्यांचा आणि फिनेलचा वास एकत्र आला की मला जळगावच्या त्या दवाखान्याचा व्हरांडा आठवतो. आईच्या मानेवर गाठ आली होती, आणि तरी चोपड्याहून निघताना तिनं डॉक्टरांसाठी पिशवीभर केळी घेतली होती. डॉक्टर म्हणाले, "बिनाइन आहे, काढून टाकू," आणि पुढच्या पेशंटकडे वळले. आईवडील दोघंही माझ्या तोंडाकडे बघू लागले, कारण बँकेच्या परीक्षेसाठी मी इंग्रजीचा क्लास लावला होता. तिथे सरांनी शब्दांची लॅटिन मुळं पाठ करून घेतली होती. बेने म्हणजे चांगलं, माल म्हणजे वाईट. शब्द मला नवाच होता, पण त्यात बेने असल्यासारखं वाटलं आणि मी घाईनं म्हणाले, "माय, गाठ चांगली शे." आईनं मानेवरून हात फिरवला. "चांगली शे, मंग काढतस कसाले?" वडिलांनी केळं सोलून तिच्यापुढे धरलं, तिनं ते घेतलं नाही. बिनाइन म्हणजे कॅन्सरची नसलेली, हे मला पुढे कळलं. गाठ काढली, आता आईच्या मानेवर बारीकसा व्रण आहे. घरी कोणी आलं की आई पदर सारून दाखवते, "आठे मनी चांगली गाठ व्हती." 'माझी चांगली गाठ' म्हणताना ती थट्टा करते की हळहळते, मला अजून कळलेलं नाही.