पिवळी तार कुणाची

दुपारची जेवणं उरकल्यावर सिंधूचा डोळा लागतो, तोही धड नाही. मांडीवर मांजरपाटाचं कापड, बोटांत सुई. बाहेर जीपखाली लेक गौतमी पान्ह्याशी खुडबुडते आहे, तो आवाज कानात येतच राहतो.

कापडावर त्याच जीपच्या वायरिंगचा नकाशा आहे. नवऱ्यानं कागदावर काढलेले जुने नकाशे ग्रीसनं खाल्ले. उरलेले तुकडे सिंधूनं जुळवून लावले आणि, शिवणकाम करणारी बाई ती, ज्या रंगाची तार त्या रंगाचा दोरा घेऊन धावदोऱ्यानं एकेक तार कापडावर उतरवली. तिचा नवरा, यशवंत मिस्त्री, झोपेतच गेला, तेव्हापासून गाडी शेडात उभी होती. आता गौतमी तिच्यात गावोगावची माणसं भरून वडाप करते. काल अणुस्कुऱ्याच्या घाटात, भर धुक्यात, गाडी खड्ड्यात आदळली नि पुढचे दिवे गेले. कठड्याला घासत कशीबशी थांबली. आत माणसं होती. आज सांजेला पुन्हा तीच फेरी.

सगळ्या तारा जुळल्या, एक पिवळी सोडून. कुठल्याच तुकड्यावर ती नाही. एका जागी तर तिची सालही गेलेली.

"नकाशात नाही ती तार गाडीत कशाला, आई? तोडून टाकते," गौतमी मघाशी म्हणाली होती.

"दम धर जरा. बघू दे मला," म्हणत सिंधूनं पिवळा दोरा ओवला होता.

सुई कापडात शिरते. कापड लांबत जातं. पांढरं, अजून पांढरं, धुक्याएवढं पांढरं. टाक्यांचे रस्त्यावरचे पट्टे होतात, आणि सिंधू जीपमध्ये बसलेली असते. स्टिअरिंगवर यशवंत. कानावर पेन्सिल, बाहीला ग्रीस.

"अहो, तुम्ही?"

"मग काय, गाडी आपली आपण चाललीय?"

तिला हसू येत नाही. समोरचा रस्ता वळतो तशी तिच्या स्वयंपाकघराची भिंत येते, भिंतीवर फडताळ, फडताळात कपबशा किणकिणतात. भिंतीपल्याड दरी आहे, हे तिला ठाऊक आहे.

"हळू घ्या. ती पिवळी तार कुठं जाते, तेवढं सांगा."

"नाव घे. मग सांगतो."

"लेक पक्कड घेऊन बसलीय नि तुम्हाला उखाणे सुचतायत?"

"लग्नात घेतलं होतंस. त्यानंतर आमचं नाव कुणी घेतलं?"

चाक खड्ड्यात बसतं. दिवे जातात. फडताळ नाही, कठडा नाही, नुसतं पांढरं. मागच्या सीटवर कुणाचं तरी मूल रडायला लागतं. सिंधूच्या ओठांवर शब्द आपसूक येतात.

"काळी तार मातीची, निळी तार उजेडाची,
यशवंतराव, सांगा मला, पिवळी तार कुणाची?"

तो तिचं मनगट धरतो. हात गार आहे, विहिरीतून आत्ताच वर आल्यासारखा. तिची बोटं तो आपल्या सीटखाली नेतो. तिथं एक बारका खटका. खट्. धुक्यात दोन पिवळे डोळे उघडतात आणि कठडा दिसतो, अगदी हाताच्या अंतरावर.

"घाटात मोठा खटका दगा देतो. म्हणून बॅटरीपासून सरळ दिव्यांना हा चोरखटका टाकला होता."

"मग नकाशात का नाही काढला?"

तो खालमानेनं पेन्सिल चाचपतो. "मला वाटलं, मीच चालवणार कायम."

गाडी चालूच आहे, पण आता चाकांचा आवाज येत नाही. सिंधूला त्याच्या बाहीवरचं ग्रीस पुसावंसं वाटतं. हात पुरत नाही.

"साल गेलीय तिथं रबर चढव. आणि दोऱ्याला शेवटी गाठ मार. माझ्यासारखी."

"तुमची ती डावरी, उलट्या पिळाची गाठ मला कधी जमली?"

"तुला कुठलं जमायला," तो हसतो, आणि धुकं त्याच्या चेहऱ्यावरून

"आई, तोडू का गं?"

सिंधू डोळे उघडते. दारात ऊन. जीपखालून गौतमीचे पाय दिसतात, आणि पक्कड धरलेला एक हात.

"तोडू नको! आधी सीट उचल. तुझी, चालवायची."

"सीटखाली काय असणार?"

"उचल तर."

कापडावर पिवळा दोरा बॅटरीपासून निघून सीटपाशी आलेला आहे, तिथून वळून दोन्ही दिव्यांपर्यंत गेलेला. टाके तिचेच, जरासे वेडेवाकडे. बाहेर सीट निघाल्याचा आवाज येतो, मग गौतमीचा.

"आई, इथं एक खटका आहे गं. तुला कुणी सांगितलं?"

सिंधू कापड उजेडाकडे धरते. दोऱ्याच्या टोकाला गाठ आहे. ती नखानं हळूच चाचपून बघते. गाठ उलट्या पिळाची आहे.