शेठवर पाच मिनिटं

आता हसायचं असेल तर हसा, पण आधी ऐकून घ्या. एखाद्या माणसाचा राग यावा, तो राग चारचौघांत माइकवर ओकावा, आणि त्याच माणसाने येऊन आपल्याला मिठी मारावी, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? माझ्या बाबतीत झालंय. दोनदा. अजून डोकं शांत झालेलं नाही.

मी उल्हासनगरात फर्निचरच्या शोरूममध्ये कामाला आहे. सोफे, बेड, कपाटं, फोल्डिंगच्या खुर्च्या. चौदा वर्षं झाली. राहायला बदलापूर, सोनिवलीकडे. आमचे मालक हरेश शेठ, सिंधी. माणूस वाईट नाही हो. दिवाळीला मिठाई घरपोच येते. पण त्यांना एक रोग आहे. समोरच्याचं वाक्य ते पुरं होऊ देत नाहीत. तुम्ही निम्मं बोलायचं, उरलेलं निम्मं ते आपल्या मनाने लावतात, आणि त्यालाच उत्तर देतात.

मागच्या वर्षी माझ्या वडिलांना अचानक अॅडमिट केलं. बायकोचा फोन आला तसा मी धावत केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "शेठ, वडिलांना—"

"अरे समझ गया," शेठ म्हणाले. "पिताजी के लिए रिक्लाइनर. ब्राउनवाला ले जा. स्टाफ का रेट लगा देता हूं."

"शेठ, हॉस्पिटल—"

"हां हां, हॉस्पिटलवालोंको पण मी हाच दिला. कमर के लिए बेस्ट आहे."

बेड नंबर सांगून होईपर्यंत रिक्लाइनर टेम्पोत चढलेलं होतं. वडील बरे होऊन आले. ते रिक्लाइनर अजून हॉलमध्ये आहे. त्यात बसलं की मला राग येतो, म्हणून मी खाली बसतो.

तर हा राग घेऊन माणसाने जायचं कुठे? अंबरनाथला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर स्टँडअप शिकवतात, असं कळलं. मंगळवारी आमचं दुकान बंद असतं, आणि क्लासही मंगळवारीच. गेलो. सगळी विशीतली पोरं, आणि मधे मी, सेहेचाळीस वर्षांचा, शर्ट इन केलेला. शिकवणारी श्रेया म्हणून एक मुलगी. तिने मला आधी पालक समजून बाहेरच्या बाकावर बसवलं.

श्रेया म्हणाली, "काका, जोक शोधू नका. ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो, ते लिहा. राग खरा असला की लोक हसतात."

मी त्या एका आठवड्यात वही भरली. शेठवर.

पण लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं. क्लासमध्ये पहिल्यांदा उभा राहिलो तर माइक असा हलायला लागला की श्रेयाला वाटलं स्टँड सैल आहे. ती पाना आणायला निघाली. मुद्दे तळहातावर लिहिले, तर घामाने सगळं पुसलं. पाच मिनिटांचं बोलणं मी दीड मिनिटात उरकलं, आणि शेवटी सवयीने म्हणालो, "और कुछ दिखाऊं?"

तरी दोन महिन्यांनी श्रेया म्हणाली, रविवारी दुपारी चार वाजता इथल्याच एका कॅफेत ओपन माइक आहे, तुम्ही करायचं.

रविवारी फर्निचरच्या दुकानात सुट्टी मागणं म्हणजे लग्नात भटजीने सुट्टी मागण्यासारखं आहे. म्हणून मी दाढ काढायची आहे, असं सांगायचं ठरवलं.

"शेठ, रविवारी दाढ—"

"दाढी घर पे करके आने का, दिनेश. दुकान में नहीं."

शेवटी चिठ्ठी लिहून काउंटरवर ठेवली आणि रविवारी गेलोच नाही.

आता खरी चूक ऐका. गुरुवारी दुकानात एक फोन आला होता. कॅफेसाठी वीस फोल्डिंगच्या खुर्च्या हव्यात, रविवारी साडेतीनपर्यंत, अंबरनाथला, आमच्याकडे कार्यक्रम आहे. तो फोन कोणी घेतला? मी. पत्ता कोणी लिहून घेतला? मी. माझ्या सुंदर अक्षरात. पण डोक्यात शेठवरचे विनोद घोळत होते, त्यामुळे आपण आपल्याच कार्यक्रमाच्या खुर्च्या लिहून घेतोय, हे काही या टाळक्यात शिरलं नाही. आणि माल घेऊन जायचं काम माझं. मी दाढ काढायला गेलेलो. मग टेम्पोबरोबर कोण जाणार?

श्रेयाने माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभा राहिलो, घसा साफ केला, समोर पाहिलं, तर शेवटच्या रांगेत हरेश शेठ. नवी खुर्ची नीट आहे का ते बघायला बसले असावेत. मला पाहून त्यांनी हात केला.

मागे फिरायचं, तर दारात त्यांचाच टेम्पो उभा. मनात आलं, नोकरी तर आता गेलीच. निदान बोलून तरी घालवू.

आणि मी बोललो. चौदा वर्षांचं सगळं बोललो. नाव घेतलं नाही, नुसतं "माझा शेठ" म्हणत गेलो. रिक्लाइनरचं सांगितलं तेव्हा माझा आवाज खरंच चढला होता. पहिली दोन मिनिटं कोणी हसलं नाही. मग शेवटच्या रांगेतून एकच माणूस हसायला लागला. मांडीवर थापा मारून, डोळे पुसत. त्याला बघून बाकीचे हसले. खाली उतरलो तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या.

शेठ खुर्च्या सारत आले आणि त्यांनी मला छातीशी धरलं.

"साईं," ते म्हणाले, "मोहन को क्या पकडा है तूने. सेम टू सेम."

मोहन शेठ म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. समोरच त्यांचं शोरूम आहे. त्यांना वाक्य पुरं ऐकायची सवय नाही, हे खरं. पण रिक्लाइनर माझ्या घरी कोणी पाठवलं?

"शेठ, ते मोहन शेठवर नव्हतं. ते—"

"मालूम है, नाव कसं घेणार तू. डर मत." मग माझ्या गालाकडे बघून म्हणाले, "दाढी बढिया केली."

मी इतका भडकलो की रिक्षा न करता स्टेशनपर्यंत चालत गेलो. शिव्या खाल्ल्या असत्या तर परवडलं असतं. माणसाने चौदा वर्षं साठवलेला राग याने बक्षिसासारखा घेतला आणि भावाच्या नावावर लावून टाकला.

पुढच्या मंगळवारी मोहन शेठच्या लग्नाचा वाढदिवस होता. दुपारी हॉलमध्ये जेवण. हरेश शेठनी परस्पर ठरवलं की तिथे दिनेशचा आयटम. माझी आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. म्हटलं, "शेठ, मला नाही—"

"नवीन शर्ट नाही? मी देतो."

दिला पण. एक नंबर मोठा.

हॉलमध्ये दोनशे माणसं. समोरच्या सोफ्यावर दोघे भाऊ शेजारी शेजारी. मी तेच बोललो, या वेळी हिंदीत. हरेश शेठ भावाकडे बघत हसत होते. आणि मोहन शेठ? ते हरेश शेठकडे बघत हसत होते. मधेच उठून त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "मेरे छोटे भाई का क्या उतारा है. उसको बताना मत."

म्हणजे याला वाटतंय त्याच्यावर, त्याला वाटतंय याच्यावर. आणि मी मधे, सैल शर्टात. माझं टाळकं सटकलं. ठरवलं, आज सोक्षमोक्ष. नोकरी गेली तर पालेगावात कोणाच्या तरी बांधकामावर वॉचमन म्हणून बसेन, पण हे आज सांगून जाणार. माइक घट्ट धरला आणि दोनशे माणसांसमोर स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "ये जो मैंने बोला ना, ये सब हरेश शेठ के बारे में है. मैं मजाक नहीं कर रहा हूं."

सगळा हॉल हसून लोळला. एक बाई हसता हसता ठसका लागून पाणी मागायला लागल्या. हरेश शेठ खाली वाकून हसत होते. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी शिट्टी वाजवली, आणि येऊन मला पुन्हा मिठी मारली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा, आणि तो माझ्या एकमेव खऱ्या वाक्याला.

संध्याकाळी घरी आलो तो धुमसतच. वैशालीला, म्हणजे बायकोला, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. म्हटलं, निदान घरात तरी कोणाला कळू दे. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. एकदाही हसली नाही.

"अहो, एक सांगू?"

"हिंदी कच्चं आहे. माहितीये मला."

"हिंदीचं नाही. तुम्ही ते जे—"

"लांबलं. शेवटची दोन मिनिटं कापायला हवी होती."

"तसं नाही हो. मी म्हणत होते की हे सगळं—"

"मोठ्या शेठवर वाटतंय ना? तुलाही? अगं, त्याच गोष्टीचा तर मला संताप येतोय."

तिने मोबाइल बंद करून माझ्या हातात दिला.

"मी तुमचे मोठे शेठ बघितले नाहीत आणि छोटेही बघितले नाहीत," ती म्हणाली. "तरी पहिल्या अर्ध्या मिनिटात मला कळलं हे कोणावर आहे. वीस वर्षं रोज ऐकतेय मी त्या माणसाला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणताही शहाणा माणूस बसला असता. मी चुटकी वाजवली आणि म्हणालो, "बरोबर. तुझा दादा."