अजून एक पान

पाचगणीला मालकांच्या पाच-सहा खोल्या आहेत. पर्यटक राहायला येतात, त्यांचा स्वयंपाक मी करते. मालकांची सून कॉम्प्युटर शिकलेली. तिने खोल्यांची वेबसाइट केली. एकदा चुलीपुढे माझा फोटो काढला आणि खाली लिहिले, "आमच्या मावशी रोज स्वतःच्या हाताने तुम्हाला गरम भाकरी वाढतात." मला अनोळखी माणसाने नुसते बघितले तरी घाम फुटतो. पण नको म्हणायला तोंड उघडले नाही.

पुढे मालकांनी पाटणला खोल्या बांधल्या, मग रहिमतपूरजवळ शेतात. सुनेने वेबसाइटवर त्यांचीही पाने केली. पाटणला पहिलेच पाहुणे उतरले आणि विचारू लागले, "मावशी कुठायत?"

मालक हसत वर पाचगणीला आले. "चला मावशी, गाडीत बसा. तुमच्याबिगर पाव्हणं जेवंनात."

तेव्हापासून मी गाडीतच. घाटात डोळा लागायचा, आणि उठले की आज कोणत्या गावची चूल पेटवायची ते चटकन आठवायचे नाही.

माझी लेक सांगलीला दिलेली. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, म्हणून ती येणार होती. तिने फोनवर विचारले, "आई, मी येती गं, पर तू घरात असशील का?"

त्या दिवशी धीर करून मी सुनेपुढे उभी राहिले. "वहिनी, पाटणच्या पानावर तेवढं लिवा की, मावशी रोज नसत्यात म्हणून."

"मावशी, ते पाटणचं वेगळं नाही हो. एकदाच लिहिलंय, तिन्ही पानांवर तेच दिसतं. एकीकडं बदललं की सगळीकडं बदलणार."

"म्हंजे एका विहिरीवर तीन मोटारी."

"अगदी तसंच!" ती हसली.

मग आटू दे की एकदाची विहीर, असे मनात आले. ओठांवर आले नाही. पण सुनेला माझे तोंड दिसले असावे. तिने सासऱ्यांना सांगून मला दोन महिन्यांची सुट्टी काढून दिली.

लेकीला मुलगी झाली. आम्ही दवाखान्यातून घरी आलो. मी बाळाला अंघोळ घालत होते, तेव्हा सुनेचा फोन आला. "मावशी, अजून एक पान वाढवते, चालेल ना?"

मला वाटले, माझ्या जागी बाई मिळाली, पंगतीला एक पाहुणा जास्त आहे. मी म्हटले, "वाढवा की. त्यात मला काय विचारायचं?" आणि ओल्या हाताने फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी दारात मोठी गाडी थांबली. नवरा, बायको, दोन मुले. बाईने हातातला फोन बघितला, मला बघितले आणि ओरडली, "ह्याच त्या!" फोनवर माझा फोटो, खाली तेच भाकरीचे वाक्य, आणि वर मोठ्या अक्षरात, "मावशींच्या घरी जेवण."

पान म्हणजे कोणते पान, ते मला तेव्हा कळले.

"घरात बाळंतीण हाय," एवढे म्हटले असते तर ती माणसे उंबऱ्यावरूनच मागे फिरली असती. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "या, बसा."

आतून लेकीने विचारले, "आई, कोण हाय?"

"पाव्हणं."

"कुणाचं?"

मी परातीत पीठ घेतले. बाळ रडत होते. बाहेरची बाई म्हणत होती, "किती छान, अगदी घरगुती!"

ती माणसे गेल्यावर लेक म्हणाली, "तू माझी आई हायस का त्यांची मावशी?"

मी भांडी गोळा करत राहिले.

"मी उद्या सांगलीला जाती. तिकडं सासू तरी घरात असती."

दारात अजून एक गाडी वळत होती. तिच्याकडे पाठ करून मी लेकीच्या पिशवीत डिंकाचे लाडू भरायला लागले.