तुराट्यांचं छत

छावणीजवळच्या त्या घराला ओळखीचे लोक भट्टी म्हणत. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, डोक्यावर पत्रा आणि भाडं कमी, कारण उन्हाळ्यात तिथं कुणी टिकत नसे. आम्ही टिकलो. दुसरीकडे परवडत नव्हतं, इतकंच. शौर्य वगैरे काही नव्हतं.

नवरा चितेगावच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. झोपायचं ते दिवसा, आणि दिवसा पत्रा तापलेला. दुष्काळाची वर्षं, टँकर आठवड्यातून एकदा, त्यामुळे कूलरमध्ये घालायला पाणी कुठून आणणार? एका पहाटे यंत्रावर त्याचा डोळा लागला. हात वाचला, बोटाचं नख गेलं. त्या दिवशी मी ठरवलं, काहीही करून या माणसाला दुपारची झोप मिळवून द्यायची.

माझं माहेर देवगाव रंगारी. तिथं गोठ्याला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड करतात, शेणमातीनं लिंपलेला. भर उन्हातही आत गार. भावाला मी तुराट्यांचे भारे टेम्पोत टाकून आणायला लावले. ते विणून, पातळ लिंपून, पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांधले. पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारले. घरमालक खालून बघत होते.

"घराचा गोठा करताय व्हय?"

"गोठ्यातली गुरं सुखानं झोपतात, काका," मी म्हटलं.

त्या मे महिन्यात नवरा पहिल्यांदा दुपारी घोरला. ते ऐकत मी भिंतीला टेकून बसले आणि चक्क रडले.

पुढं समोरचा रस्ता रुंद झाला, दिवे लागले, गल्लीत फरशा बसल्या. जागांचे भाव चढले आणि मालकांना घर विकायची घाई झाली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते टळटळीत दुपारी. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी द्यायचं आणि घरातल्या सगळ्यात गार जागी बसवायचं, ही आमच्याकडची रीत. मी दोन्ही केलं. वर मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "छताला हात लावून बघा की. गार हाय नं?"

पाहुणे छताकडे बघत राहिले आणि मालक माझ्याकडे. नाहीतर या पत्र्याला भिऊनच गिऱ्हाईक पळालं असतं. मी आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मालकांनी किंमत वाढवली. मला म्हणाले, "तुम्ही लई चांगलं काम केलं बघा. व्यवहार होईपर्यंत ऱ्हावा. मग मात्र खोल्या मोकळ्या करून द्या."

मी दुसरं घर शोधत हिंडले. जिथं परवडत होतं तिथं उघडा पत्रा. रागाच्या भरात वाटलं, तुराट्या उतरवून टाकाव्यात. पण मग नवऱ्यानं उद्या झोपायचं कुठं? पत्र्यावरचा चुना उडाला तेव्हा तो पुन्हा मारला, तोही मीच. घर नीट ठेवलं तर विकलं जाणार, बिघडवलं तर याची झोप जाणार. इतकी कोंडी माझी आयुष्यात कधी झाली नव्हती.

शेवटी आलं ते एक जोडपं, जवळच्या मोहल्ल्यातले कापडवाले. या खेपेला मी ठरवून टाकलं होतं, पाणी द्यायचं ते दारातच, उभ्या उभ्या. भर दुपार, वीज गेलेली, पंखा बंद. अशी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

"आपा, अंदर गर्मी बहोत होती क्या?" बाईंनी विचारलं.

"लई," मी म्हटलं. "दुपारी जीव जातो. पाठ टेकता येत नाय."

बाईंनी आत येऊन मधला पडदा सारला. आत नवरा गळ्यापर्यंत चादर ओढून घोरत पडला होता.

त्यांनी पडदा हलकेच परत लावला आणि कापडवाल्यांना हळू आवाजात म्हणाल्या, "बात पक्की कर लो."

पाळीला निघायला अजून बराच वेळ होता. मी त्याला उठवलं नाही.