परचुऱ्यांची बॅटरी आणि गुरुवार

धायरीत आमच्या समोरच्या रो-हाउसमध्ये दिगंबर परचुरे राहतात. सगळी नोकरी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात गेल्यामुळे कोणी काही नवं घेतलं की पेढा तोंडात टाकण्याआधी ते विचारतात, किती वर्षांत वसूल? हा प्रश्न त्यांनी माझ्या स्कूटरबद्दल विचारला आणि माझ्या मुलीच्या कथकच्या क्लासबद्दलही.

गच्चीवर सोलर बसलं ते याच प्रश्नाला उत्तर मिळालं म्हणून. बिल महिन्याला तीन हजारांच्या घरात आणि पॅनेलचा खर्च पावणेदोन लाख. म्हणजे पाचेक वर्षांत पैसे फिटतात आणि पुढे वीज जवळजवळ फुकट. हे त्यांना पटलं. बॅटरी मात्र पटली नाही. दिवसा उरलेली वीज कंपनी मोजून घेते आणि रात्रीच्या वापरातून वळती करते, मग साठवायची कशाला? बॅटरी कामाला येणार ती वीज गेली तरच, आणि तिच्यासाठी आणखी दीड लाख मोजायचे. ही माझ्या हयातीत वसूल होत नाही, असं त्यांनी अमेरिकेतल्या मुलाला, केदारला, फोनवर ऐकवलं. पण कुसुमवहिनी जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. म्हातारा एकटा अंधारात कुठे धडपडला तर काय, या धास्तीने केदारने परस्पर पैसे भरले आणि बॅटरी जिन्याखालच्या भिंतीवर येऊन बसली.

वहिनी गेल्यावर त्या घरात कोणी जात नसे. खरं तर आधीही लोक जायचे ते वहिनींकडेच. परचुरे दार अर्धंच उघडत आणि "काय काम होतं?" असं विचारत. त्यानंतर मुळात असलेलं कामही माणूस विसरून जाई.

पुण्यात गुरुवार हा वीज दुरुस्तीचा वार. अशाच एका गुरुवारी शेजारच्या नम्रताने त्यांची बेल दाबली. गल्लीभर बेली मुक्या असताना ही वाजली, याचंच तिला नवल वाटलं. नम्रता परभणीची, हिंजवडीतल्या कंपनीत नोकरीला. त्या दिवशी घरून काम करत होती आणि ऐन मीटिंगच्या तोंडावर तिचा लॅपटॉप बंद पडायला आला होता. परचुऱ्यांनी नेहमीप्रमाणे काम विचारलं. ते ऐकून दार पूर्ण उघडलं.

पुढच्या गुरुवारी ती तिच्या ऑफिसातल्या, यवतमाळच्या शुभंकरला घेऊन आली. मग कोपऱ्यावरच्या इंदुबाई इडलीचे भिजवलेले डाळ-तांदूळ आणि मिक्सर घेऊन आल्या. पंख्याच्या आशेने मीही पेपर घेऊन जाऊ लागलो. परचुरे सगळ्यांवर खेकसत. मिक्सर चालू असताना इस्त्री लावायची नाही, फोनवर ओरडायचं असेल तर गच्चीत जायचं. पण बुधवारी संध्याकाळी दूध दोन पिशव्या जास्त घेत. शुभंकर त्यांना बिनदिक्कत "टेन्शन नका घेऊ, काका" म्हणायचा आणि ते चक्क ऐकून घ्यायचे. एकदा वीज परत आली तरी तासभर कोणी उठलं नाही. त्या दिवशी मला सोडायला ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले की बॅटरीचा आकडा जरा सुधारतोय. सरळ सांगायचं तर माणूस आठवडाभर गुरुवारची वाट बघत असे.

मग वीज कंपनीने रस्ता खणून तारा जमिनीखाली घातल्या आणि वीज जायची थांबली. एक गुरुवार कोरडा गेला, मग दुसरा. नम्रता फाटकावरून हात करायची, इंदुबाई रस्त्यात भेटल्या की विचारपूस करायच्या. घरोघरी पंखे फिरत होते, कोण कशाला येणार? परचुरे मात्र बुधवारी दूध घेतच राहिले. शनिवारी त्या उरलेल्या दुधाचं पनीर आमच्याकडे यायचं. मला वाईट वाटे, पण उगाच जाऊन बसावं तर "काय काम होतं?" हे ऐकावं लागणार.

दोनेक महिन्यांनी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही वीज कचेरीत गेलो. तिथे त्यांनी एका तरुण इंजिनियरला फैलावर घेतलं. गुरुवारची दुरुस्ती बंद का, कामं वेळच्या वेळी व्हायला नकोत का, वगैरे. आता तिची गरजच उरली नाही, असं त्याने नम्रपणे समजावलं. परचुऱ्यांनी लगेच बॅटरीचा हिशेब मांडला. वीज जाणारच नसेल तर मुलाचे दीड लाख पाण्यात गेले, त्याचं काय? अशी तक्रार त्या बिचाऱ्याकडे याआधी कोणी आणली नसावी.

"अहो काका, वीज चोवीस तास मिळते आहे ना?" तो म्हणाला. "मग तक्रार नेमकी काय लिहू?"



"वीज असली की माझ्याकडे कोणी येत नाही," परचुरे म्हणाले.