उंबऱ्यातला माणूस

आमच्या चर्चचे पाळक शांतवनराव यांची आणि माझी पहिली भेट औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात झाली. मी तिथे खिळे जुळवत असे आणि ते मंडळीचे पत्रक छापून घ्यायला आले होते. 'गरिबांना कपडेवाटप' असा मथळा होता. प्रुफावर त्यांनी पहिला शब्द खोडला. मी कारण विचारले, तर म्हणाले, "कपडे घ्यायला येणाऱ्यांनाही वाचता येतं." पुढच्या रविवारी मी त्यांचा उपदेश ऐकायला गेलो आणि त्यांचाच होऊन गेलो.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर थोड्याच काळात जन्मलेल्या शांतवनरावांची पंचाहत्तरी आपण साजरी करत आहोत. त्यांच्या शास्त्राभ्यासाविषयी जाणकार लिहितीलच. मला त्यांच्या एका शिस्तीविषयी सांगायचे आहे. रविवारचा उपदेश ते शनिवारी एसटीने गंगापूरला नेत आणि तिथल्या कडूबाईंना ऐकवत. मेंढपाळाच्या घरच्या कडूबाई ना आमच्या मंडळीतल्या, ना शाळेत गेलेल्या. पण तोंडाने सडेतोड. त्यांना कळला नाही तो भाग शांतवनराव कापून टाकत. आम्ही शिष्य पाठीमागे हसायचो.

मग माझी पाळी आली. रविवारी मंडळीच्या कमिटीला माझा उपदेश पसंत पडला तर मला व्यासपीठावरून बोलण्याची परवानगी मिळणार होती. त्या भरवशावर मी छापखान्याची नोकरीही सोडली होती. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या गरिबाचा बायबलमधला दाखला मी निवडला. आदल्या दिवशी शांतवनराव मला कडूबाईंकडे घेऊन गेले. मी डोळे मिटून, हातवारे करून चांगला अर्धा तास बोललो. स्वतःवरच खूश झालो होतो.

"लई ग्वाड बोललास, लेकरा," कडूबाई म्हणाल्या. "पर आमचे मालक तापानं फणफणून उंबऱ्यात पडलेत. तू त्यांना वलांडून आत आलास. दिसले नाय व्हय?"

मला वाटले होते, कडूबाईंचे यजमान, बाबा, झोपलेत. शरमेने मान वर होईना. शांतवनरावांनी उठून हात जोडले. "बाई, त्याला एकट्याला बोलू नका. मीही ओलांडूनच आलो."

जीप करून आम्ही बाबांना शहरातल्या दवाखान्यात आणले. ते तापात बरळत होते, धरून बसायला माणूस लागत होता. रविवारी सकाळी मला निघता आले असते. शांतवनराव 'जा' म्हणाले नाहीत, 'थांब'ही म्हणाले नाहीत. मी थांबलो. तिकडे कमिटी ताटकळत बसली.

पुढे आम्हा दोघांना जाब विचारला गेला. "दवाखान्यात बसायला दुसरं कुणी नव्हतं का?"

"होतं," शांतवनराव म्हणाले. "पण ओलांडून आम्ही गेलो होतो."

बाबा बरे झाले. कमिटीने मात्र मला वर्षभर मागे ठेवले. खरे सांगतो, तेव्हा मला शांतवनरावांचा रागच आला होता. ते वर्ष मी त्यांची पिशवी धरून वस्त्यावस्त्यांवर हिंडलो. बोलायची मुभा नव्हती, म्हणून लोक बोलत ते ऐकत बसे. आज वाटते, माझ्या साऱ्या सेवेत देवापुढे न लाजता ठेवावे असे तेवढेच एक वर्ष आहे.

शांतवनरावांना देव उदंड आयुष्य देवो, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांत बळ देवो. आणि पाळकसाहेब, तुमच्याकडे एक मागणे आहे: माझा उपदेश मलाच फार आवडू लागला आहे असे दिसले, तर मला पुन्हा वर्षभर गप्प बसवा.