भरलेली बाटली

माझी माय बांगड्या भरायची. मोताळ्याचा बाजार, धामणगाव बढ्याचा बाजार, आणि लगीनसराईत बोलावणं येईल ते गाव. कितीही जाड हात असो, बोटं दाबत, गप्पा मारत ती बांगडी कधी चढवायची ते बाईला कळायचंही नाही.

तिचा एक नेम होता. नवरीचा चुडा भरायला घेतला की मधे उठायचं नाही. अर्धा चुडा सोडून उठणं नवरीला चांगलं नसतं, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. आणि उठून जाणार तरी कुठे? पुरुषांना कुठलीही भिंत चालायची, बाईला अख्ख्या बाजारात जागा नव्हती. म्हणून मायनं पाणीच बंद केलं. सकाळी निघताना कपभर चहा, मग दिवेलागणीला घरी आल्यावर तांब्या तोंडाला. भर उन्हाळ्यातसुद्धा.

मी तिच्यासोबत जायचे. माही पोरगी दिवसभर पानी मांगत नाही, असं ती शेजारच्या मसालेवाल्या चाचीला कौतुकानं सांगायची आणि मी फुगून जायचे. शाळेत माझा पहिला नंबर कधी आला नाही. पाणी न पिण्यात मात्र आला.

दिवसभर मांडी घालून तिची कंबर धरायची. मग ती मला समोरच्या किराणा दुकानात पिटाळायची. तिथे बरणीत दुखण्यावरची लाल गोळी सुटी मिळायची, चॉकलेटासारखी. माय ती बिनपाण्याची गिळायची, मान मागे टाकून. ती गोळी मी किती वर्षं आणून दिली ते मला आठवायचं नसतं, पण आठवतं. पुढे तिचे पाय सुजू लागले, तेव्हा आम्ही म्हटलं, बसून बसून सुजले. डोकं ठणकायचं, तेव्हा म्हटलं, ऊन लागलं. आशाताई बीपी मोजायला गल्लीत यायची तेव्हा माय बाजारात असायची. तिचं बीपी कुणी कधी मोजलंच नाही.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं आणि मग एकेक विचारत बसले. पाणी किती पिता, लघवी दाबून ठेवता का, जेवणात मीठ किती, गोळ्या कुणाला विचारून घेत होता. उत्तरं मी दिली. गोळ्या मीच आणून द्यायचे, हेही सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. एकाच गोष्टीनं असं होत नाही, म्हणाले. न मोजलेलं बीपी, गोळ्या, कोरडं पडलेलं शरीर, सगळं वर्षानुवर्षं साचत गेलं. या सवयी आधीच मोडायला हव्या होत्या. त्या ‘आधीच’चा मला इतका राग आला की मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुया टोचायला डाव्या हाताची शीर तयार केलीय, त्या हातात बांगडी चालत नाही. घरात संडास बांधला, पण तिला आता लघवी जवळजवळ होतच नाही. आणि पाण्याचं माप ठरलंय: दिवसाला दोन लहान पेले, त्यातच चहा आला. माप माझ्याकडे असतं. माठ मी माझ्या खोलीत हलवलाय. ती पदर ओला करून ओठांना लावते आणि लहान मुलासारखी माझ्याकडे पाहते. आपल्या मायला पाणी नाही म्हणायची सवय होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते. सवय झाली.

दुकान आता मी लावते. डॉक्टरांनी मलाही बजावलंय, म्हणून सकाळी बाटली भरून नेते. परवा बाजारातून आले आणि पिशवी खाटेवर ठेवली. मायनं बाटली काढून हातात धरली.

“भरेलच आनली,” ती म्हणाली.

गर्दी होती, एका नवरीचा चुडा होता, उठता आलं नाही, असं काहीबाही मी सांगितलं. बाजारात बाईला अजूनही जागा नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती.

“मी इथं घोटभर पान्यासाठी तरसून राह्यली, अन् तू भरेल बाटली वापस आनतं. माह्यासमोर पे. पुरी पे.”

मी पाठ फिरवून प्यायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं, चुडा भरताना धरायची तसंच घट्ट, आणि मला आपल्याकडे वळवलं. पाणी उन्हानं कोमट झालं होतं. मी पीत गेले. माझ्या प्रत्येक घोटाला तिचाही घसा हलत होता.

बाटली संपल्यावर तिनं ती उलटी करून पाहिली. बुडाशी राहिलेला थेंब बोटावर घेतला आणि ओठांना लावला. मी तिला अडवलं नाही.